काचबिंदूचं ऑपरेशन : नजर येते की राहते?

उदगीरमध्ये "डोळ्याचं आपरेशन" म्हटलं की ते मोतीबिंदूचं. दुसरं काही असतं हे माझ्या लहानपणी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शिबिर लागायचं, डोळ्यावर हिरवी पट्टी, पट्टी निघाली की काळा चष्मा, आणि आठ-पंधरा दिवसांत आजोबा लांबून येणाऱ्या माणसाला ओळखून हाक मारायला लागले की काम फत्ते. १९७६ साली केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लायन्ससारख्या संस्थांची शिबिरं वाढली (उदगीरला पुढे लायन्सचं नेत्र रुग्णालयही झालं), आणि दोन पिढ्यांच्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: ऑपरेशन केलं की दिसतं.

आता याच्या शेजारी दुसरा आजार ठेवा. नाव काचबिंदू. मोतीबिंदू, काचबिंदू... ऐकायला सख्खे भाऊ. उर्दू-दखनीत तर आणखी घोळ. उदगीरच्या बाजारात निम्मे लोक 'सफेद मोतिया' आणि 'काला मोतिया' म्हणतात. म्हणजे आजार तोच, फक्त रंग वेगळा! प्रत्यक्षात दोघांचा एकमेकांशी संबंध एवढाच की दोन्ही डोळ्यातच होतात. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की विषय संपला. काचबिंदूत डोळ्यामागची नस मरत जाते, आणि मेलेली नस परत आणायचा उपाय आजही कुणाकडे नाही.

तरीही काचबिंदूचं ऑपरेशन करतात. डोळ्यातलं प्रेशर कमी करण्यासाठी. मग प्रश्न येतो की प्रेशर उतरलं तर नजरेचं काय होतं? मला वाटलं होतं गूगलवर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. गेले तीन-चार वीकएंड त्यात गेले, आणि हे उत्तर शोधायला डॉक्टर मंडळींनाच जवळजवळ दीडशे वर्षं लागली असं लक्षात आलं. त्यातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या मुंबईत घडलंय, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं.

हे खोदकाम सुरू झालं माझ्या मामांमुळे. मामा उदगीरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं मुनीम होते. २०१७ साली त्यांच्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं, एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात (नाव सांगण्यात अर्थ नाही). प्रेशर ३४ होतं ते १२ वर आलं. डॉक्टर खूश. महिन्याभराने मी गेलो तर मामा तोंड फिरवून बसलेले. म्हणाले, "डॉक्टर म्हणतो आपरेशन सक्सेस. मला तर आधीपेक्षा कमी दिसायलंय. ह्याला सक्सेस म्हणतेत का बाबा?" त्यांनी तपासणीला जाणंच बंद केलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाव्या डोळ्यातले थेंबही. "एका डोळ्याचं वाटोळं केलं, आता दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

यात गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की डॉक्टरही खरं बोलत होते आणि मामाही. ते कसं, हे समजायला थोडं प्लंबिंग समजून घ्यावं लागतं.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते, तिच्यातून तो झिरपून रक्तात जातो. मोरी तुंबली की पाणी साठतं तसं जाळी तुंबली की प्रेशर वाढतं. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हे नेहमीचं धरतात. वाढलेल्या दाबाचा मार बसतो मागे, जिथे दहा-बारा लाख तंतूंची केबल डोळ्यातून बाहेर पडून मेंदूकडे जाते तिथे. तंतू एकेक करून मरतात. आणि मरतात ते बहुतेक वेळा कडेचं दाखवणारे आधी. समोरचं, म्हणजे पेपर वाचायचं, वहीतला आकडा बघायचं, हे शेवटपर्यंत शाबूत राहतं. म्हणून माणूस म्हणतो मला छान दिसतंय, आणि रस्ता ओलांडताना बाजूने आलेली मोटरसायकल त्याला दिसत नाही. मामांचं नेमकं हेच होत होतं. घरचे म्हणायचे, मामा वयामुळे धडपडतात.

दुखत नाही, लाल होत नाही. हा झाला हळू येणारा काचबिंदू. पण याचा एक तापट भाऊ आहे. त्यात मोरी एकदम बंद होते. आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, पुढे सरकून जाळीवर बसतो. काही तासांत प्रेशर ५०-६० वर, डोळा लालभडक, डोकं फुटायची वेळ, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं. हे दोन भाऊ वेगळे आहेत हे कळायला फार उशीर झाला. इतिहासातला सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ नावाचा एक तरुण डॉक्टर होता. १८५१ साली हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून बघायचं यंत्र बनवलं, आणि ग्रेफ ते घेऊन अक्षरशः तुटून पडला. काचबिंदूच्या डोळ्यात मागची नस त्याला आधी फुगलेली वाटली. प्रत्यक्षात ती वाटीसारखी आत खचलेली असते. एका डोळ्याने बघताना खोल काय आणि उंच काय ते कळत नाही, तो भ्रम होता. पुढे त्याने चूक जाहीरपणे दुरुस्त केली. त्याला सुचलं ते असं: काही आजारांत आयरिसचा तुकडा कापून काढल्यावर डोळा मऊ पडतो, मग हेच काचबिंदूत करून बघितलं तर? त्याने केलं, आणि १८५७ साली छापलं. वय २९. आपल्याकडे दिल्ली-कानपूर पेटलेलं होतं त्या साली.

परिणाम चमत्कारच होता. तोपर्यंत काचबिंदू म्हणजे आंधळेपणाचं वॉरंट. ग्रेफच्या तीव्र झटक्याच्या पेशंटना ऑपरेशननंतर पुन्हा दिसायला लागलं! कारण उघड आहे. झटक्यात नजर जाते ती बरीचशी बुबुळाला सूज येऊन ते धुरकट झाल्यामुळे, आणि नस गुदमरलेली असली तरी अजून मेलेली नसते. वेळेत दाब उतरवला तर पडदा स्वच्छ होतो आणि नजर परत येते. म्हणजे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातला पहिला विजय हा नजर परत आल्याचा विजय होता. लोकांनी हेच लक्षात ठेवलं. मग युरोपभर हळू येणाऱ्या काचबिंदूवरही तीच कात्री चालायला लागली, आणि तिथे नजर येईना. कधी थांबायची, कधी जातच राहायची, कधी ऑपरेशननंतर झटक्यात विझायची. ग्रेफला स्वतःला हा फरक दिसू लागला होता, पण तो १८७० मध्ये ४२ व्या वर्षी गेला.

(जाता जाता. काचबिंदूवरचा पहिला उपयोगी थेंब १८७६ साली आला तो लुडविग लाकर या डॉक्टरमुळे, आणि त्याला स्वतःला काचबिंदू होता. औषधाने भागेना तेव्हा त्याने स्वतःवर ऑपरेशन करून घेतलं. यूझर आणि डेव्हलपर एकच असला की प्रॉडक्ट जरा बरं होतं म्हणतात...)

मग प्रश्न असा की हळू येणाऱ्या काचबिंदूत काहींना तरी ऑपरेशनचा फायदा का होतो? लुई द वेकर आणि इतरांच्या लक्षात आलं की ज्या डोळ्यांची जखम नीट भरून येत नाही, व्रणातून पाणी थोडं थोडं पाझरत राहतं, ते डोळे मऊ राहतात. सर्जनच्या दृष्टीने हे उलटंच. जखम छान भरली तर ऑपरेशन फसलं! मग मुद्दाम न भरणारी, पण बाहेर न वाहणारी जखम कशी करायची? मोरी तुंबली असेल तर भिंतीला दुसरं भोक पाडायचं, पण घरात चिखल होऊ द्यायचा नाही, असा हा प्रकार.

आणि इथे येते मुंबई. भायखळ्याला जे.जे. रुग्णालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय होतं. तिथे काम बघणारे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रशास्त्र शिकवणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते हर्बर्ट हर्बर्ट. (टायपो नाही. नाव आणि आडनाव एकच.) ट्रॅकोमात म्हणजे खुपऱ्यांच्या आजारात बुबुळाच्या कडेला जे खड्डे राहतात त्यांना आजही जगभर 'हर्बर्टचे खड्डे' म्हणतात, ते यांच्याच नावाने. १९०३ साली लंडनच्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात त्यांचा लेख आला: हळू येणाऱ्या काचबिंदूत पांढऱ्यावरच्या पातळ त्वचेखाली मुद्दाम एक कायमची पाझरवाट तयार करायची. तोपर्यंत पाझरणारा व्रण हा बराचसा नशिबाचा भाग होता. हर्बर्टनी तो ऑपरेशनचा हेतू करून टाकला. पुढे बोर्डोमध्ये लाग्रांज, नॉर्वेत होल्थ अशांनी १९०६ च्या आसपास आपापल्या पद्धती आणल्या. पण मुंबईचं पाऊल त्यांच्या आधीचं. जे.जे. वरून शेकडो वेळा गेलो असेन, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं पाऊल मद्रासला. तिथल्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये बुबुळाच्या कडेला गोल पात्याने एक-दोन मिलिमीटरचं भोक पाडून वर त्वचेचं पांघरूण घालायची पद्धत सुरू केली. ही फारच गाजली. एलियट माणूसही अफाट. सापाच्या विषावर संशोधन, सुई मारून मोतीबिंदू आत ढकलणाऱ्या फिरत्या वैद्यांच्या उद्योगावर १९१७ साली आख्खं पुस्तक (त्या उद्योगात कितीतरी डोळे काचबिंदूनेच जायचे), आणि म्हातारपणी लंडनमध्ये जादूगारांच्या मंडळातर्फे 'भारतीय दोरीची जादू करून दाखवा, बक्षीस न्या' असं आव्हान! कुणी नेलं नाही.

या पद्धती मुंबई-मद्रासला का वाढल्या याचं उत्तर मला बरचसं व्यवहारातलं वाटतं. एक तर पेशंटची संख्या. दुसरं, थेंब. लंडनच्या पेशंटला सांगता येतं की रोज चार वेळा घाला, महिन्याने या. खेड्यातून बैलगाडीने, मग रेल्वेने आलेला माणूस एकदाच येतो. जे करायचं ते त्याच खेपेला. त्या काळी उदगीर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं. आमच्या भागातला माणूस डोळ्यासाठी जायचाच तर हैदराबादकडे, आणि जायचा तो भिंतीला धरून चालायची वेळ आल्यावर.

पण याच व्यवहारात एक मोठं भोक होतं (डोळ्यातलं नव्हे). ऑपरेशन झालं, डोळा मऊ पडला, पेशंट गावी गेला. पुढे? पाच वर्षांनी त्याची नजर टिकली का, हे कुणी बघितलं? आमच्या भाषेत सांगायचं तर कोड प्रॉडक्शनला गेलं, पण लॉग नाहीत. दाब मोजायचं श्यॉट्झचं उपकरण १९०५ मध्ये आलं, त्याआधी बोटाने डोळा दाबून अंदाज घ्यायचे. नजरेचा घेर नीट मोजायची सुरुवात कोपनहेगनच्या ब्येरूमने १८८९ च्या सुमारास केली, तीही स्वतःच्या खोलीच्या दाराची काळी मागची बाजू पडदा म्हणून वापरून. म्हणजे साधनं येत होती, पण हजारो पेशंट वर्षानुवर्षं धरून ठेवून, ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांची तुलना, हे अजून लांब होतं. मध्यंतरी एलियटच्या भोकाची दुसरी बाजू दिसली. वरचं पांघरूण कालांतराने इतकं पातळ व्हायचं की दहा-दहा वर्षांनीही त्यातून जंतू आत शिरून डोळा जायचा. लोक पुन्हा थेंबांकडे वळले.

आजचं प्रमाण ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टोमी, हे केंब्रिजच्या जॉन केर्न्सने १९६८ मध्ये मांडलं. यात भोकावर पांढऱ्याचंच एक अर्ध्या जाडीचं झाकण ठेवतात, म्हणजे पाणी भसकन न जाता दमादमाने जातं. मजा अशी की केर्न्सला पाझर नकोच होता. त्याचा विचार होता की तुंबलेली जाळी कापून काढली की मागच्या नैसर्गिक नळीची दोन तोंडं उघडी होतील आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने जाईल. झालं भलतंच. झाकणाच्या कडेने पाणी त्वचेखाली जमून पाण्याचा छोटा फुगवटा तयार व्हायचा, त्याला ब्लेब म्हणतात, आणि ज्यांना तो यायचा त्यांचंच प्रेशर चांगलं राहायचं. बग नव्हे, फीचर! :-) १९८३ मध्ये तैवानच्या चेन यांनी मायटोमायसिन हे औषध जखमेवर लावून व्रण भरणं लांबवलं, आणि प्रेशर आणखी खाली राहायला लागलं. कधी कधी फारच खाली. पाच-सहाच्या खाली गेलं की डोळा हवा कमी झालेल्या फुटबॉलसारखा होतो, मागच्या पडद्याला घड्या पडतात, आणि वाचायचीच नजर जाते.

एवढं सगळं होईपर्यंत मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी. प्रेशर उतरवल्याने नजर टिकते हे सिद्ध कुठे झालंय? १९८० च्या दशकातही काही जाणती माणसं हे विचारत होती, आणि त्यांच्याकडे मुद्दा होता. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होणारे लोक असतात. मग दाबाचा दोष कशावरून?

उत्तर आलं १९९८ मध्ये, नेमकं अशाच लोकांवर. प्रेशर नॉर्मल असलेल्या काचबिंदूच्या पेशंटचे दोन गट केले. एकाचा दाब थेंब, लेसर किंवा ऑपरेशनने ३० टक्के उतरवला, दुसऱ्याला तसंच ठेवलं. उपचार घेतलेल्यांपैकी १२ टक्के डोळे बिघडले, न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. दोन्ही आकडे बघा. उपचार करूनही काहींचं बिघडलंच, आणि न करताही बऱ्याच जणांचं त्या काळात बिघडलं नाही. पण फरक स्पष्ट होता. मात्र त्याच अभ्यासात उपचाराच्या गटातल्या ३८ टक्के डोळ्यांत मोतीबिंदू आला, दुसऱ्या गटात १४ टक्के. आणि तो मुख्यतः ऑपरेशन झालेल्यांना. म्हणजे एका आजाराला अडवताना दुसरा लवकर बोलावला. मोतीबिंदू काढता येतो हे खरं, पण पेशंटला दिसतं ते 'आपरेशननंतर धूसर झालं' एवढंच.

२००० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आणखी ठसठशीत चित्र आलं. ज्यांचं प्रेशर प्रत्येक तपासणीत १८ च्या खाली राहिलं (सरासरी साधारण १२), त्यांच्या नजरेच्या घेरातला सरासरी बदल वर्षानुवर्षं जवळजवळ शून्य. शून्य! एवढ्या धडपडीचं सर्वोत्तम फळ काय, तर काहीही न घडणं. ज्याने कधी सर्व्हर सांभाळलाय त्याला हे दुःख कळेल. पण सर्व्हरवाल्याला निदान पगार मिळतो, इथे पेशंटला काय मिळालं ते त्याला दिसूच शकत नाही.

२००१ मध्ये नव्याने निदान झालेल्या ६०७ जणांचा अभ्यास आला, थेट ऑपरेशन की आधी थेंब असा. पाच वर्षांनी घेराच्या बाबतीत दोन्ही गट साधारण सारखे. ऑपरेशनवाल्यांचं प्रेशर १४-१५, थेंबवाल्यांचं १७-१८. पण सुरुवातीच्या काळात अक्षरं वाचायची नजर ऑपरेशनवाल्यांची जास्त घसरली, आणि हा फरक मिटायला काही वर्षं गेली. मामांची तक्रार इथे आकड्यांत छापलेली आहे. बुबुळाचा आकार टाक्यांनी थोडा बदलतो, चष्म्याचा नंबर बदलतो, ब्लेबमुळे डोळ्यात काहीतरी असल्यासारखं वाटतं, पाणी येतं, चार्टवरची एखाद-दुसरी ओळ जाते. बऱ्याच जणांची काही महिन्यांत परत येते, सगळ्यांची नाही. आणि ज्यांचा घेर मधल्या शेवटच्या ठिपक्याएवढाच उरलाय, त्यांच्यात क्वचित तो ठिपकाही ऑपरेशननंतर विझतो. हे दुर्मिळ आहे, पण खोटं नाही.

मग उशिरा आलेल्यांनी काय करायचं? आपल्याकडे बहुतेक सगळे उशिराच येतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या निष्कर्षात अशाच, म्हणजे निदान होतानाच आजार पुढे गेलेल्या ४५३ जणांची तुलना होती. दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं सरासरी प्रेशर १२.४, थेंबवाल्यांचं १५.१, आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम दोन्हीकडे सारखाच. सुरक्षिततेतही फार फरक नाही. म्हणजे 'ऑपरेशन शेवटचा पर्याय' हा जुना धाक निदान या पेशंटसाठी तरी सैल झाला.

नजर थोडी सुधारते असं म्हणणारेही आहेत. लहान बाळांच्या काचबिंदूत दाब उतरला की खचलेली नस चक्क थोडी वर येते, हे जुनं निरीक्षण आहे. मोठ्यांच्या बाबतीत लॉस एंजेलिसच्या केप्रिओली यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की ट्रॅबेक्युलेक्टोमीनंतर घेरातले काही ठिपके दीर्घकाळ सुधारलेले राहतात. मरणपंथाला लागलेले पण अजून न मेलेले तंतू सावरत असावेत असा तर्क आहे. मला हे पटण्यासारखं वाटतं, पण यावर पेशंटला आशा लावणं बरोबर वाटत नाही. ठिपके मशीनला कळतात, मुनीमजींना नाही.

मामांच्या बाबतीत शेवटी कामाला आले ते कागदच. फील्ड टेस्टचे प्रिंटआउट. २०१६ चा डाव्या डोळ्याचा आणि २०१९ चा. मधल्या काळात थेंब बंद होते. वरची काळी चंद्रकोर दुप्पट झालेली. मग उजव्या डोळ्याचे, त्याच तारखांचे. तिथलं काळं होतं तेवढंच, सुईभरही वाढलेलं नाही. मामांनी दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. चाळीस वर्षं रोजमेळ जुळवलेला माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे बुडालेली बाकी वसूल होत नसते. पुढची बुडू द्यायची नाही, एवढंच हाय का?" मी म्हटलं, हो मामा, एवढंच. "मग हे आधी सांगाया काय झालतं?"

हा प्रश्न मला अजून सतावतो. ऑपरेशनआधी सही घेतलेल्या फॉर्मवर हे सगळं असणार, बारीक टायपात. पण तो फॉर्म वाचणाऱ्याच्या डोक्यात हिरवी पट्टी आणि काळा चष्मा असतो, त्याचं काय? भारतात चाळिशीपुढचे साधारण १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूचे असतील असा २०१० सालचा अंदाज होता, आणि आंध्रातल्या पाहणीत सापडलेल्या पेशंटपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला हा आजार आहे हे माहीतच नव्हतं. त्यातून जो शोधून काढला, टेबलापर्यंत आणला, तो 'फसवलं' म्हणून घरी बसत असेल तर सगळंच मुसळ केरात. आणि ट्रॅबेक्युलेक्टोमीत पहिले काही आठवडे फार मोलाचे. कधी लेसरने टाका सैल करायचा, कधी ब्लेब दाबायचा, कधी नुसतं बघायचं. उदगीरहून लातूरच साठ-सत्तर किलोमीटर. प्रत्येक खेपेला एक माणूस सोबत, म्हणजे दोघांचा रोज बुडाला.

साधनं मात्र आता बरीच आहेत. ज्यांचं ट्रॅबेक्युलेक्टोमीने भागत नाही त्यांना बारीक नळी बसवतात. अहमद व्हॉल्व्ह १९९३ पासून आहे, आणि मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ च्या सुमारास परदेशी नळीच्या धर्तीवर स्वस्तातली देशी नळी आणली. मामांचा डावा डोळा सध्या थेंबांवर १४-१५ ला आहे. डॉक्टर म्हणाले थांबून बघू.

या आजाराची एक सवय म्हणजे तो घरात फिरतो. नेदरलँड्समधल्या १९९८ च्या एका अभ्यासात पेशंटच्या सख्ख्या नातेवाईकांत आयुष्यभराचा धोका साधारण २२ टक्के निघाला, इतरांत २.३. म्हणून आई आणि दोन्ही मावश्यांना तपासून आणलं. आईचं ठीक. मोठ्या मावशीचं प्रेशर नॉर्मल, नसही चांगली, पण आयरिस आणि जाळी यांच्यातला कोन अरुंद निघाला. म्हणजे तो तापट भाऊ दारात उभा. यावर उपाय म्हणून आयरिसला लेसरने एक बारीक भोक पाडतात. दहा मिनिटांचं काम, चालत घरी. ग्रेफने १८५७ साली कात्रीने केलं तेच. पण २०१९ मध्ये चीनच्या ग्वांगझूमधून ८८९ जणांचा अभ्यास आलाय, त्यानुसार अशा नुसत्या अरुंद कोनाच्या लोकांना सहा वर्षांत त्रास होण्याचं प्रमाण मुळातच फार कमी, तेव्हा सरसकट सगळ्यांना भोक पाडायची गरज नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय मावशीवर सोडला. मावशी म्हणाली, रात्री-अपरात्री डोळा दुखला तर मी लातूरला कशी जाऊ, पाडा. दिवाळीनंतरची तारीख घेतलीय.